एगिसहाइममध्ये सुट्टीसाठी घर भाड्याने घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सला जायचं, पण रोज नवं शहर आणि रोज नवं हॉटेल नको. एखाद्या जुन्या गावात आठवडाभर घर घेऊन राहायचं, असं ठरवणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरण म्हणून आल्सासमधलं एगिसहाइम घेतलं आहे. रिकविर, कायझर्सबर्ग किंवा टुर्कहाइम या शेजारच्या गावांत घर घेतलंत, तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एगिसहाइम आहे कुठे? आणि तिथेच का जायचं?

फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ, कोलमार शहरापासून सहा-सात किलोमीटरवर. वस्ती सुमारे १,७००. मधोमध एका जुन्या अष्टकोनी किल्ल्याची भिंत आहे आणि तिच्याभोवती गावाच्या गल्ल्या वर्तुळात फिरतात. तटबंदीला लागून असलेल्या गल्लीतून चालायला लागलात की वीसेक मिनिटांत निघालात तिथेच परत येता. १०४९ ते १०५४ या काळात पोप असलेले नववे लिओ एगिसहाइमच्या सरदार घराण्यातले. चौकातल्या कारंज्यावर त्यांचा पुतळा आहे. २०१३ मध्ये फ्रेंच टीव्हीवरच्या स्पर्धेत प्रेक्षकांनी हे गाव देशातलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं, तेव्हापासून गर्दी वाढली ती वाढलीच.

पण माझ्या लेखी इथे राहण्याचं खरं कारण वेगळं आहे. हे गाव अजूनही द्राक्षांवर जगतं. ज्या घरांचे फोटो लोक काढतात, त्यांच्या तळघरांत आजही वाइन मुरत असते. दुपारी दोन तास येऊन गेलेल्याला यातलं काही दिसत नाही. संध्याकाळी बसगाड्या निघून गेल्या की गल्लीत खुर्ची टाकून बसलेले शेजारी दिसतात, शेतातून परतणारे अरुंद ट्रॅक्टर दिसतात. घर घ्यायचं ते यासाठी.

कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. पावसाची फार धास्ती नको. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज डोंगरांवर रिकामे होतात आणि कोलमारचा पट्टा फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक ठरतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो आणि पलीकडे माणदेश कोरडा, तसाच हा प्रकार. द्राक्षं इथे चांगली पिकतात त्यामागे ही पर्जन्यछाया आहे.

द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर. क्रेमां या फेसाळ वाइनची द्राक्षं सगळ्यांत आधी, कधीकधी ऑगस्टच्या अखेरीसच तोडतात; बाकीची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे हौशी माणसाला एकाच वर्षात दोन्ही हंगाम पाहता येतात. तोडणीच्या दिवसांत मात्र उत्पादकाकडे गप्पांना वेळ नसतो आणि पहाटेपासून ट्रॅक्टरची घरघर असते. झोप सावध असलेल्यांनी आतल्या अंगणाकडची खोली मागावी.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळ बाजार भरतात. सजावट खरोखर देखणी असते, पण भाडं चढं, पार्किंग मुश्कील आणि शनिवार-रविवारी गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. नाताळातच यायचं असेल तर सोमवार ते गुरुवार बाहेर फिरा आणि शनिवार-रविवार घरात काढा. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच उपाहारगृहं बंद असतात.

घरं किती जुनी असतात? आत सोयी असतात का?

सोळाव्या-सतराव्या शतकातली घरं इथे नवलाची नाहीत. खाली दगडी भिंत, वर लाकडाचा सांगाडा आणि त्यात भरलेली माती किंवा वीट. दाराच्या वरच्या दगडावर बांधल्याचं वर्ष कोरलेलं असतं; काही ठिकाणी मालकाच्या धंद्याची खूणही. तळमजल्यावर पूर्वी वाइनची पिंपं किंवा गाडा असायचा, माणसं वर राहायची. त्यामुळे आजही बैठकीची खोली बहुधा पहिल्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्या त्याच्याही वर, थेट छपराखाली असतात.

आत स्वयंपाकघर, डिशवॉशर, कपडे धुण्याचं यंत्र, वायफाय हे सगळं बहुतेक घरांत मिळतं. लिफ्ट मिळत नाही. जिना लाकडी, उभा आणि वळणाचा. दोन मोठ्या बॅगा एकदम वर नेता येत नाहीत. तुळया इतक्या खाली असतात की साडेपाच फुटांच्या माणसानेही पहिले दोन दिवस जपून चालावं. आणि एक गोष्ट लहान मुलांच्या आईवडिलांना आधीच सांगायला हवी: खिडक्यांना गज नसतात. खिडकी उघडली की समोर थेट गल्ली. लहान मूल सोबत असेल तर मालकाला खिडकीच्या उंबऱ्याची उंची विचाराच; संकोच करू नका.

आजी-आजोबांना घेऊन जाता येईल का?

येईल, पण घर निवडतानाच तळमजल्यावरची झोपायची खोली आणि तिथेच संडास-बाथरूम मागा. फ्रेंच जाहिरातीत ‘रे-द-शोसे’ म्हणजे तळमजला. ‘पहिला मजला’ म्हणजे एक जिना चढून. गावातल्या गल्ल्या दगडी फरशीच्या आणि ओबडधोबड आहेत, तेव्हा पायात पक्के बूट हवेत. एकदा घरात स्थिरावलं की ज्येष्ठांना हे गाव फार मानवतं. बेकरी चालत पाच मिनिटांवर, चौकात बाकं, आणि छपरांवर करकोचे. १९७० च्या दशकात आल्सासमधून करकोचे जवळजवळ नाहीसे झाले होते. मुद्दाम प्रयत्न करून ते परत आणले गेले. आता वसंतात त्यांच्या चोचींचा टकटक आवाज घरात बसून ऐकू येतो.

‘गीत’, ‘शांब्र दोत’, ‘मब्ले द तूरिझ्म’ यांत फरक काय?

गीत म्हणजे अख्खं घर किंवा स्वतंत्र भाग, स्वयंपाकघरासह. शांब्र दोत म्हणजे मालकाच्या घरातली खोली, सकाळच्या नाश्त्यासह. तिथे स्वयंपाक सहसा करता येत नाही. मब्ले द तूरिझ्म हा पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सुसज्ज घराचा कायदेशीर प्रकार; त्याला एक ते पाच तारे मिळू शकतात. तारे सोयी मोजतात, घराचं रूप नाही. दोन ताऱ्यांचं एखादं द्राक्ष उत्पादकाचं घर चार ताऱ्यांच्या गुळगुळीत फ्लॅटपेक्षा कितीतरी जिवंत असू शकतं.

माझा आग्रह असा की, मालक गावातच राहत असेल असं घर शोधा. अनेक उत्पादक कुटुंबं घराचा एक भाग गीत म्हणून देतात. बिघाड झाला तर माणूस दोन मिनिटांत येतो, आणि तुमचं भाडं गावात राहणाऱ्यांकडेच जातं. सुंदर गावातली घरं एकेक करून बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे गेली की हिवाळ्यात दिवे लागत नाहीत आणि शाळेतली मुलं कमी होतात. फ्रान्समध्ये यावर गंभीर चर्चा चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्यटक-भाड्यावर नवा कायदा आला आणि अशा प्रत्येक घराची नोंदणी सक्तीची करण्यासाठी २० मे २०२६ ही मुदत ठरली.

जाहिरात खरी आहे हे कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक विचारा. गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या यादीत घर आहे का ते पाहा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. खरा मालक आनंदाने दाखवतो. बुकिंगच्या संकेतस्थळावर ओळख झाली आणि लगेच ‘पैसे थेट बँकेत पाठवा, स्वस्तात देतो’ असा निरोप आला, तर तिथेच थांबा.

आगाऊ पैशांबाबत ‘आर्र’ आणि ‘आकोंत’ असे दोन शब्द करारात दिसतात. त्याने काय फरक पडतो?

फार मोठा. सही करण्याआधी ही एकच ओळ वाचायला वेळ असेल, तर हीच वाचा.

आर्र म्हणून रक्कम भरलीत आणि तुम्ही जाणं रद्द केलंत, तर ती रक्कम बुडते, पण त्यापुढे काही देणं लागत नाही. उलट मालकाने रद्द केलं तर त्याला दुप्पट रक्कम परत करावी लागते. आकोंत म्हणजे पक्क्या व्यवहाराचा पहिला हप्ता; इथे माघार घेतलीत तर मालक उरलेलं भाडंही मागू शकतो. करारात काहीच लिहिलं नसेल आणि घर देणारा व्यावसायिक असेल, तर कायदा ती रक्कम आर्र मानतो.

ऑनलाइन खरेदीत १४ दिवसांत माघार घेण्याचा जो हक्क युरोपात असतो, तो ठरावीक तारखांच्या निवासाला लागू नाही. भारतातून जाणाऱ्यांना व्हिसाची टांगती तलवार असते, म्हणून ‘व्हिसा नाकारला गेल्यास रक्कम परत’ ही अट लेखी मागा. बरेच मालक मान्य करतात. न मागता मात्र कुणी देत नाही.

भाड्याशिवाय आणखी काय भरावं लागतं?

शेवटची साफसफाई (किंवा ती स्वतः करायची), चादरी-टॉवेल, आणि ‘ताक्स द सेजूर’ म्हणजे माणशी दर रात्रीचा स्थानिक कर. १८ वर्षांखालच्यांना तो माफ असतो. गीतमध्ये चादरी भाड्यात धरलेल्या नसतील तर आठ-दहा किलोचं ओझं भारतातून नेण्यापेक्षा मालकाकडून भाड्याने घ्या. हिवाळ्यात काही घरांत विजेचं मीटर वाचून वेगळं बिल लावतात. अनामत रक्कम वेगळी. घर जसं होतं तसं सोडलं की ती परत मिळते.

आल्यावर मालक ‘एता दे लियो’ म्हणजे घराच्या स्थितीची यादी देतो. त्यावर सही करण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. टवका उडालेली बशी, काचेला गेलेली चीर, गादीवरचा डाग, सगळं त्याच वेळी लिहून घ्या.

उन्हाळ्यात भाडं बहुधा शनिवार ते शनिवार असतं. विमानाची तिकिटं त्याप्रमाणे काढा. घराची क्षमता सहा असेल तर सहाच. ‘मुलं आमच्यापाशी झोपतील’ ही सबब चालत नाही.

व्हिसासाठी हे घर चालतं का?

चालतं. मालकाचं नाव, पत्ता, तारखा आणि सगळ्या प्रवाशांची नावं असलेली बुकिंगची पावती किंवा करार निवासाचा पुरावा म्हणून जोडा. ओळखीच्यांकडे फुकट राहणार असाल तरच नगरपालिकेचं पाहुणचार-पत्र लागतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांना शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. सर्वाधिक रात्री फ्रान्समध्ये असतील तर अर्ज फ्रान्सकडेच.

पोहोचायचं कसं?

पॅरिसच्या पूर्व स्थानकातून तेजेवेने (फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने) कोलमार सुमारे अडीच तास. मुंबईहून झुरिकला उतरून बाझेलमार्गे रेल्वेने येणं हाही चांगला मार्ग आहे. कोलमारहून पुढे बस मोजक्याच. संध्याकाळी आणि रविवारी त्यांच्यावर विसंबू नका. टॅक्सी किंवा सायकल करा. द्राक्षमळ्यांतून जाणारा सायकलचा रस्ता बराचसा सपाट आहे.

गाडी घेतलीत तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा. आल्सासमधल्या ए-३५ महामार्गाला टोल नाही. गाडी गावाबाहेरच्या तळावर लावायची असते; सामान उतरवायला दारापर्यंत येऊ देतात का ते मालकाला विचारा. दारूची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम, आणि तपासणी होते.

शनिवारी संध्याकाळी पोहोचलो तर किराणा मिळेल?

इथेच बहुतेकांची धावपळ होते. घराची चावी चार-पाचला मिळते आणि सुपरमार्केट संध्याकाळी बंद होतं. रविवारी आल्सासमध्ये दुकानं बंद ठेवण्याचा नियम उरलेल्या फ्रान्सपेक्षा कडक आहे. १८७१ ते १९१८ हा प्रदेश जर्मनीत होता आणि त्या काळातले काही स्थानिक कायदे अजून चालू आहेत. म्हणून इथे गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन जादा सुट्ट्याही असतात. तेव्हा कोलमारला उतरल्या उतरल्या दूध, तांदूळ, भाजी, अंडी घ्या, मगच गावाकडे निघा. रविवारी सकाळी बेकरी मात्र बहुधा उघडी असते.

आपला स्वयंपाक करता येईल? काय सोबत न्यावं?

करता येईल, आणि करावाच. घर घेण्यातलं अर्धं सुख ते आहे. पण तयारी हवी.

शेगडी बहुतेकदा इंडक्शनची असते. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. इंडक्शनचा तळ असलेला लहान स्टीलचा कुकर न्या. पोळपाट-लाटणं मिळणार नाही, पण रिकामी वाइनची बाटली लाटण्याचं काम उत्तम करते आणि ती या गावात कमी पडत नाही.

हिंग, हळद, गोडा मसाला, डाळी, पोहे न्यायला हरकत नाही. साजूक तूप, पेढे, चीज, मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत; कस्टम्सने पकडलं तर जप्त होतात. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कढीपत्ता घरीच वाळवून पूड करून न्या. तुपाची चिंता नको, फ्रेंच लोणी उत्तम आहे. दहा मिनिटांत कढवता येतं.

फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रत्येक घरात धुराची सूचना देणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि सुक्या मिरचीची फोडणी त्याला आगीसारखीच वाटते. यंत्र काढून ठेवू नका. घराचा सांगाडा लाकडी आहे आणि शेजारचं घर त्याला चिकटून आहे.

बाहेर खाताना शाकाहारी असाल तर ‘तार्त फ्लांबे’ मागवा, पण ‘सां लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे न घालता. पातळ भाकरीवर मलई आणि कांदा, वर हवं तर चीज. मुलांना कुगेलहोफ हा बदाम-मनुकांचा गोड पाव आवडतोच.

बाथरूमबद्दल काही सांगायला हवं का?

हो, कारण जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही. संडास बऱ्याचदा वेगळ्या खोलीत असतो आणि पाण्याची सोय नसते; लहान मग किंवा बाटली सोबत असू द्या. बाथरूमच्या जमिनीला आपल्या मोरीसारखी जाळी नसते. शॉवरच्या काचेबाहेर सांडलेलं पाणी लाकडी फळ्यांतून खालच्या छतात उतरतं. बादलीने अंघोळ करायची असेल तर टबात उभं राहून करा. चारशे वर्षांच्या तुळईला ओल लागली की दुरुस्तीचा खर्च अनामतीच्या पलीकडे जातो.

एसी असतो का?

बहुतेक घरांत नाही. जुन्या वास्तूंच्या दर्शनी भागात बदल करायला परवानगी लागते आणि बाहेर यंत्र लटकवणं सहसा मंजूर होत नाही. उन्हाळ्यात इथली माणसं करतात तसं करा: सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या आणि लाकडी झडपा बंद, रात्री सगळं सताड उघडं. तळमजला गारच राहतो. छपराखालची खोली मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तापते.

वाइन चाखायला कुठे जायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

कळायला हवं असं काही नाही. ‘काव्ह’ (वाइनचं तळघर) किंवा ‘देग्युस्तासियों’ (चाखणं) अशी पाटी दिसली की आत जा, आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग बाकीचं. हा नमस्कार राहिला तर पुढचं सगळं बिनसतं. गावात अनेक कुटुंबांची स्वतःची तळघरं आहेत, शिवाय १९०२ मध्ये इथेच सुरू झालेली व्होल्फबर्गर ही सहकारी संस्था. महाराष्ट्रातल्या माणसाला सहकाराची ही बाजू ओळखीची वाटेल.

आल्सासची वाइन प्रामुख्याने पांढरी आणि द्राक्षाच्या जातीच्या नावाने विकली जाते: रीसलिंग कोरडी आणि आंबटसर, गेवुर्त्स्त्रामिनर सुगंधी, गुलाब-लिचीची आठवण देणारी. आपल्या मसालेदार जेवणाबरोबर दुसरी छान जमते. गोडवा किती हे २०२१ च्या हंगामापासून बाटलीवर लिहावं लागतं. ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘मोएलू’ म्हणजे गोडसर. गावाच्या वर दोन ‘ग्रां क्र्यू’ म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांचे उतार आहेत, आयखबर्ग सुमारे ५७ हेक्टर आणि फेर्सिगबर्ग सुमारे ७४. एकाच घरची, एकाच वर्षाची रीसलिंग दोन्ही उतारांवरून आलेली असेल तर शेजारी ठेवून चाखा. माती बदलली की चव किती बदलते हे तिथे जिभेवर समजतं. मला या सगळ्या मुक्कामात याहून मोलाचं काही वाटत नाही.

चाखलेली वाइन भांड्यात थुंकणं असभ्य नाही, उत्पादक स्वतःही तेच करतात. न पिणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी द्राक्षांचा रस असतो. चाखणं फुकट असेल तर निघताना एक तरी बाटली घ्यावी.

मळ्यांतल्या पायवाटांवर खुशाल फिरा, पण ओळींत शिरू नका आणि एकही घड तोडू नका. कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न तिथे लटकलेलं असतं.

किती बाटल्या भारतात आणता येतात?

प्रौढ प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटर. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात बसतात, तिसरीला मर्यादा ओलांडते. आल्सासची बाटली उंच आणि सडपातळ असते, नेहमीच्या खोक्यात बसत नाही. उत्पादकाकडूनच तिच्या मापाचं खोकं मागून घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा.

निघताना काय करायचं?

साफसफाईचे पैसे भरले असले तरी भांडी धुऊन, फ्रिज रिकामा करून जायचं असतं. काच वेगळी, प्लास्टिक-कागद वेगळा, बाकी कचरा वेगळा. काचेच्या बाटल्या टाकायची मोठी पेटी गावात असते, पण रात्री दहानंतर किंवा भल्या पहाटे तिथे खणखणाट करू नका. चादरी काढून एकत्र ठेवा. मालकासोबत घर फिरून पाहा, यादीवर पुन्हा सही घ्या आणि अनामत किती दिवसांत परत येणार ते त्याच कागदावर लिहून घ्या.